वाचक विचारतात: रुग्ण खूश, म्हणजे उपचार चांगला?

रुग्णालयातले अभिप्राय-फॉर्म, 'समाधानाचे' आकडे आणि गंभीर आजारात पुढे काय होतं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पाचांना या महिन्यात उत्तरं देत आहोत. काही पत्रं लांब होती, त्यांचा गाभा ठेवला आहे.

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी ठरवून करायची आहे. दोन रुग्णालयं डोळ्यांसमोर आहेत. एकाच्या दारात फलक आहे, '९८ टक्के रुग्ण समाधानी'. दुसऱ्याकडे असा आकडाच नाही. फलकावर जावं का?
— एक वाचक, नाशिक

आधी विचारा, ९८ टक्के कितींपैकी? महिन्याला ४०० रुग्ण घरी जात असतील आणि ५० फॉर्म भरून आले असतील, तर ४९ जण खूश होते एवढंच कळतं. उरलेल्या ३५० जणांचं काय, ते फलक सांगत नाही. जे दगावले, ज्यांना दुसरीकडे हलवलं, जे सल्ला न मानता सही करून निघून गेले, ते तर बहुतेक ठिकाणी या हिशेबात धरलेच जात नाहीत.

तरी समाधानाचा आणि उपचाराच्या निकालाचा संबंधच नाही, असंही नाही. अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांतल्या हार्ट अटॅकच्या ६,४६७ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे रुग्ण जास्त समाधानी होते, तिथे उपचार मार्गदर्शक तत्त्वांना जास्त धरून होते आणि रुग्णालयातले मृत्यू कमी होते. एकूण समाधानावर सगळ्यांत जास्त प्रभाव होता तो नर्सिंगचा.

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जवळपास ५२ हजार प्रौढांची राष्ट्रीय पाहणीतली माहिती तपासली आणि चित्र उलटं निघालं. आपल्या डॉक्टरांवर सर्वाधिक खूश असलेल्या गटात भरती होण्याचं प्रमाण जास्त, औषधांवरचा खर्च सुमारे ९ टक्के जास्त आणि मृत्यूचा धोका सर्वांत कमी खूश असलेल्यांच्या तुलनेत २६ टक्के जास्त होता. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, पण दोन्ही अभ्यास एकाच गोष्टीबद्दल नाहीत. पहिल्यात रुग्णालयांची आपसांत तुलना आहे आणि काळ आहे एका भरतीचा. दुसऱ्यात माणसांची तुलना आहे आणि प्रश्न होते नेहमीच्या डॉक्टरांशी वर्षभरात झालेल्या भेटींबद्दल. शिवाय जास्त आजारी माणूस डॉक्टरांकडे जास्त वेळा जातो आणि त्यांच्याशी जास्त बांधलेलाही असतो. संशोधकांनी आजारपणाचा फरक हिशेबातून वजा करायचा प्रयत्न केला होता, पण तो पूर्ण वजा होतो असं मानणं भाबडेपणाचं आहे. 'खूश केल्याने माणसं दगावतात' असा अर्थ त्यातून काढू नये.

तुमच्यासाठी कामाचे प्रश्न वेगळे आहेत. वर्षाला अशा किती अँजिओप्लास्टी होतात आणि प्रत्यक्ष कोण करतं? नळी मनगटातून घालणार की जांघेतून? (जमण्यासारखं असेल तर मनगटातून, रक्तस्राव कमी होतो.) रात्री छातीत दुखलं तर कॅथलॅबची (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची) टीम हजर असते का? तीस दिवसांत किती जण परत भरती होतात? शेवटच्या प्रश्नाला 'आम्ही तसं मोजत नाही' हे उत्तर मिळालं, तर तेही पुष्कळ बोलकं आहे.

त्या रुग्णालयात जाऊन आलेला ओळखीचा कुणी भेटला, तर एवढंच विचारा : रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती महिने घ्यायच्या आणि मनाने का बंद करायच्या नाहीत, हे निघताना कुणी बसून समजावलं का? स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसल्यावर या गोळ्या मधेच सोडल्या की स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. रुग्णाचं समाधान आणि त्याचा जीव हे दोन्ही एकत्र येतात ते इथे.

प्रश्न : मी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात सिस्टर आहे. आमच्याकडे डिस्चार्जच्या वेळी फॉर्म भरून घेतात. ९५ टक्के लोक 'उत्तम'वर खूण करतात. मॅनेजमेंट खूश आहे, पण वॉर्डात तक्रारी तर रोज ऐकू येतात. चुकतंय कुठे?
— एक परिचारिका, पुणे

वेळ, जागा, प्रश्न आणि मोजणी, चारही ठिकाणी.

डिस्चार्जच्या दिवशी काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. कॅशलेसची मंजुरी दुपारपासून अडकलेली, पेशंट कपडे बदलून व्हीलचेअरवर, हाताला सलाइनच्या सुईवरची पट्टी, मुलगा बिलिंग काउंटर आणि फार्मसी यांच्यामध्ये धावतोय. तेवढ्यात कुणीतरी पेन पुढे करतं, 'साहेब, एवढं भरून द्या, फाइल पुढे जाईल.' तो उभ्याउभ्या सगळ्या ओळींत 'उत्तम'वर टिक मारतो. आणि फार वैतागलेला असेल, तर सगळ्या ओळींत 'वाईट'वर, नर्सिंगच्याही, ज्यांचा मंजुरीशी काडीचा संबंध नाही. सगळ्या ओळींत एकच खूण असलेले फॉर्म किती आहेत, ते आजच वेगळे काढून मोजा. तुमचे ९५ टक्के कशाचे बनले आहेत ते तिथेच दिसेल.

आता दुरुस्ती. फॉर्म घरी गेल्यावर, फोनवर भरून घ्या. डिस्चार्जनंतर ४८ तासांच्या आत नको आणि सहा आठवड्यांपलीकडेही नको, कारण त्यानंतर आठवण पुसट होते. फोन करणारी व्यक्ती त्या वॉर्डची नसावी. सगळ्यांना फोन जमणार नाहीत, मग यादीतला दर पाचवा किंवा दहावा रुग्ण घ्या. 'चांगले' पेशंट निवडून फोन लावण्याचा मोह होतोच, त्याला हाच उपाय. एकदा उचलला नाही म्हणून नाव खोडू नका; वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी निदान पाच वेळा प्रयत्न करा. नोकरी करणारी माणसं दुपारी सापडत नाहीत. निम्म्यांशी फोनवर आणि निम्म्यांकडून कागदावर माहिती घेत असाल, तर त्यांचे आकडे सरळ एकत्र करू नका. फोनवर लोक भिडेखातर जास्त गुण देतात.

प्रश्न बदला. 'डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफ यांचं वागणं सौजन्यपूर्ण होतं का?' या एका ओळीत दोन प्रश्न आहेत. डॉक्टर तुसडे आणि सिस्टर प्रेमळ, तर माणसाने खूण कुठे करायची? 'समाधानी आहात का?' असं मत मागण्यापेक्षा काय घडलं ते विचारा : बेल दाबल्यावर मदत वेळेवर आली का? नवी गोळी देताना ती कशासाठी आहे हे सांगितलं का? घरी गेल्यावर काय झालं तर लगेच यायचं, हे लिहून दिलं का? पर्याय 'उत्तम-चांगले-बरे' असे न देता 'नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही' असे द्या. लिहून दिलं का, याला फक्त हो किंवा नाही. सरासरी काढू नका, 'नेहमी' म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढा. आपल्याकडे चारपैकी तीन गुण देणं म्हणजे पुष्कळदा सभ्य भाषेतली तक्रार असते.

मोजणीत सगळ्यांत जास्त घोळ होतो. १०० फॉर्मांपैकी ८० जणांनी 'नेहमी' म्हटलं, तर खरा आकडा (सगळ्या रुग्णांना विचारलं असतं तर आला असता तो) साधारण ७२ ते ८८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ४०० फॉर्म असतील तर ७६ ते ८४. एका वॉर्डाचे महिन्याला २५ फॉर्म आले, तर तो पट्टा ६४ ते ९६ इतका रुंद होतो. तेवढ्यावर 'मागच्या महिन्यात ८४ होते, या महिन्यात ७६ झाले' म्हणून इन्चार्ज सिस्टरला मीटिंगमध्ये उभं करणं म्हणजे नाणं उडवून मेमो देणं. वॉर्डांची तुलना निदान तीन महिन्यांचे फॉर्म एकत्र करून करा. वय, ठरवून भरती की तातडीची, रुग्णाला स्वतःची तब्येत कशी वाटते आणि फॉर्म कुणी भरला, रुग्णाने की नातेवाइकाने, या चार नोंदी ठेवाच. वयस्क लोक सहसा जास्त गुण देतात आणि तब्येत खालावलेले कमी. त्या नोंदी नसतील, तर कॅन्सरच्या वॉर्डाला प्रसूतीच्या वॉर्डासमोर कायम हार खावी लागेल.

या माहितीची पुढच्या निकालांशी, म्हणजे तीस दिवसांतली पुन्हा भरती, जंतुसंसर्ग, मृत्यू यांच्याशी सांगड घालून पेपर लिहायचा असेल, तर फॉर्मवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात राहील. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही.

आणि बोनस या गुणांना बांधू नका. अमेरिकेत वेदनेविषयीचे प्रश्न सरकारी पाहणीत होते आणि पाहणीवर रुग्णालयाचे पैसे अवलंबून होते. गुण मिळवण्यासाठी डॉक्टरांवर अफूजन्य वेदनाशामकं लिहून देण्याचा दबाव येतो, अशी ओरड झाली. शेवटी २०१८ च्या आर्थिक वर्षापासून ते प्रश्न पैशांच्या हिशेबातून काढले आणि पुढे पाहणीतूनच वगळले. आपल्याकडे त्या जागी अँटिबायोटिक आणि एमआरआय येतील.

प्रश्न : आईला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, पसरलेला. केमो सुरू आहे. डॉक्टर इतके छान बोलतात की आई म्हणते, 'मी बरी होणार.' आम्हीही समाधानी आहोत. पण फाइल वाचून शंका येते. काय विचारावं?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमची शंका रास्त आहे. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या अमेरिकेतल्या ११९३ रुग्णांना विचारलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८१ टक्के रुग्ण, या केमोने आजार मुळापासून जाण्याची शक्यता नगण्य आहे, हे समजून नव्हते. आणि 'आमचे डॉक्टर छान संवाद साधतात' असं म्हणणाऱ्यांत हा गैरसमज जास्त होता. गोड बोलणं आणि समजावून सांगणं यांत समाधानाचा फॉर्म फरक करत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत थेट विचारा : ही केमो बरं करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी? आईला किती सांगायचं हे तिलाच विचारा. 'तुला सगळं ऐकायचंय की मोजकं?' हा प्रश्न घरातल्यांनी परस्पर सोडवू नये.

पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणं आणि इतर त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांकडे आत्ताच न्या, 'शेवटी' नको. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये असाच पसरलेला फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) ज्यांना निदानानंतर लगेच ही सेवा जोडून मिळाली, त्यांचं नैराश्य कमी होतं, शेवटच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले : मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६. मुंबईत टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

घरी एक वही करा. रोज एकाच वेळी लिहा : दुखणं ० ते १० पैकी किती, उलट्या किती, जेवण निम्मं की पाव, दम कशाने लागतो, शौचाला झालं का, झोप किती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात ७६६ रुग्णांच्या चाचणीत बारा लक्षणांची अशी नोंद रुग्णांनी स्वतः कॉम्प्युटरवर केली. लक्षण बळावलं की नर्सला ईमेल जायचा. नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य २६ महिने होतं, या गटाचं ३१.२. फरक कुठल्या नव्या औषधाने पडला नव्हता. त्रास लवकर कळला, लवकर उपाय झाला. वही दाखवायची वेळ भेटीच्या सुरुवातीला. निघताना दाखवली तर कुणी वाचत नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच वेळी फोन करा, रात्री दोन वाजले असले तरी.

मराठीतून असं मोजमाप शास्त्रशुद्धपणे झालेलं आहे. युरोपीय कॅन्सर संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची जीवनमान-प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे, आणि टाटाच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर ती पडताळून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्यात ० ते १०० च्या पट्टीवर साधारण १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानतात.

प्रश्न : इथे हॉस्पिटलातून घरी आल्यावर टपालाने एक सर्व्हे आला. भरण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आहे. तो बहुधा एचकॅप्स असेल, म्हणजे रुग्णांच्या अनुभवाची अमेरिकेतली सरकारी पाहणी, वर वेदनेच्या प्रश्नांबाबत आली तीच. २००८ पासून त्याचे निकाल रुग्णालयनिहाय जाहीर होतात आणि मेडिकेअरकडून (तिथल्या सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याकडून) मिळणाऱ्या रकमेचा काही भाग त्यावर ठरतो. ० ते १० च्या प्रश्नात ९ आणि १० च 'उत्तम' धरले जातात. आपल्या हिशेबातला ८ त्यात मोजला जात नाही, हे लक्षात ठेवून खूण करा.

प्रश्न : मोठा भाऊ तीन आठवडे आयसीयूत होता, वाचला नाही. महिन्याभराने रुग्णालयातून फोन आला, 'कुटुंबाचा अभिप्राय हवा आहे.' वहिनी संतापली. असं विचारणं योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

वहिनींचा संताप समजण्यासारखा आहे आणि नकार देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण विचारणं मुळात चुकीचं नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस फॉर्म भरू शकत नाही, गेलेला तर नाहीच. कुटुंबाला विचारलं नाही, तर आयसीयूतली सगळ्यांत अवघड प्रकरणं कुणाच्याच मोजणीत येत नाहीत. सिएटलमधल्या ५३९ नातेवाइकांच्या अभ्यासात (२००७) एक अनपेक्षित गोष्ट दिसली : ज्यांचा माणूस गेला, ती कुटुंबं वाचलेल्यांच्या कुटुंबांपेक्षा आयसीयूवर जास्त समाधानी होती. सर्वाधिक फरक होता तो निर्णयात सामील करून घेणं, बोलणं आणि आधार यांत. मृत्यू समोर दिसू लागला की डॉक्टर घरच्यांना बसवून बोलतात, एरवी दारातच 'स्टेबल आहेत' म्हणून निघतात, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

बसून बोलण्याचा परिणाम फ्रान्समध्ये २२ आयसीयूंत मोजला गेला. मरणासन्न १२६ रुग्णांच्या कुटुंबांपैकी निम्म्यांना एक पुस्तिका आणि ठरवून घेतलेली बैठक मिळाली. नेहमीची बैठक २० मिनिटांची, ही ३० मिनिटांची. महत्त्वाचा फरक त्यातल्या वाटणीत होता : नेहमीच्या बैठकीत नातेवाईक ५ मिनिटं बोलत, इथे १४ मिनिटं. नव्वद दिवसांनी मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या गटातल्या ६९ टक्के नातेवाइकांत होती, या गटात ४५ टक्के.

रुग्णालयाचं चुकलं असेल तर ते पद्धतीत. असा फोन अनोळखी कॉलसेंटरवरून येऊ नये. आधी पत्र जावं, नकार द्यायची सोय त्यातच असावी, आणि 'किती समाधानी आहात' हा शब्दप्रयोग तर करूच नये. वहिनींना बोलायचं असेल, तर फॉर्मऐवजी आयसीयूच्या प्रमुखांची भेट मागा. सोबत केसपेपरची प्रत मागून घ्या, ती मिळणं हा कुटुंबाचा हक्क आहे. लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.