प्रश्नोत्तरे : कॅमेलिअनचा पिंजरा आणि आपली दमट हवा

प्रश्न : माशांची चार फुटी काचेची टाकी रिकामी आहे. वेल्ड कॅमेलिअनचा (रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याचा) नर त्यात राहील का? (घोडबंदर रोड)

नाही. टाकी आडवी असते आणि हा प्राणी उंचीवर जगतो. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो. त्याला तळ किमान दोन बाय दोन फूट आणि उंची चार फूट हवी. शिवाय काचेत हवा कोंडते, आणि जुलैच्या ठाण्यात कोंडलेली ओली हवा म्हणजे श्वसनमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण.

स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट करून घ्या. मागची आणि एक बाजू एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या) शीटची, बाकी दोन बाजू आणि छत जाळीचे. प्लायवूड नको, वर्षभरात फुगतो आणि कडेने काळी बुरशी धरतो. जाळी पीव्हीसी चढवलेली, पाव इंची घ्या. डासांच्या बारीक जाळीत नखं अडकतात, सरडा पाय ओढतो आणि नख मुळापासून निघतं. पिंजरा अडीच फुटी स्टँडवर ठेवा. वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर असली की त्याची भीती बरीच कमी होते. फांद्या पेरूच्या किंवा जास्वंदीच्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवर पकड बसत नाही.

प्रश्न : खिडकीतून भरपूर ऊन येतं. तरी यूव्हीबी ट्यूब लागतेच का? (ऐरोली)

लागते. यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग, आणि खिडकीची काच तो जवळजवळ सगळा अडवते. ते नसलं की कॅल्शियम कितीही द्या, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. दोन फुटी टी५ एचओ (हाय आउटपुट), ६ टक्के यूव्हीबीची ट्यूब जाळीवर ठेवा आणि बसायची फांदी सात ते नऊ इंच खाली बांधा. तिथे यूव्ही इंडेक्स ३ च्या आसपास हवा. गुंडाळीच्या बल्बचा झोत फार लहान पडतो, तो घेऊ नका. ट्यूब बारा तास चालू, आणि वर्षाने बदलायची. उजेड दिसत असला तरी यूव्हीबी घटलेलं असतं.

प्रश्न : मे महिन्यात खोली ३४ अंशांवर जाते. सरडा फिकट पडून तोंड उघडून बसतो. पाणी फवारलं तरी फरक नाही. (कळवा)

तो तापलाय. उष्णतेचा दिवा लगेच बंद करा. परदेशी तक्ते थंड, कोरड्या घरांसाठी लिहिलेले असतात. तिथे ऊब आणि ओल आणावी लागते, आपल्याकडे दोन्ही बाहेर काढावी लागतात. वरच्या फांदीवर २९ ते ३१ अंश आणि खाली २४ ते २६ अंश हवेत. खोलीच ३४ असेल तर दिव्याला काम उरत नाही. फवारणीने गारवा यायला पाणी उडून जावं लागतं. दमट, स्थिर हवेत ते अंगावरच राहतं.

दुपारी एसी २६ वर लावा, झोत पिंजऱ्यावर येऊ न देता. रात्रीही एसीने तापमान उतरवा, कारण मेमध्ये आपल्याकडे रात्र २८ च्या खाली सहसा जात नाही. पिंजरा वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेला असेल तर आधी तो हलवा. थंडीच्या दिवसांत ४० वॉटचा साधा हॅलोजन पुरतो. तो जाळीच्या बाहेर, थर्मोस्टॅटला जोडून, आणि थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार फांदीवर. लाल दिवा रात्री लावू नका, अंधार लागतो.

प्रश्न : पावसाळ्यात मिस्टिंग (पंपाने बारीक फवारणी) किती वेळा? (नेरूळ)

पहाटे दिवे लागायच्या आधी एकदा, दोन मिनिटं. बस. उन्हाळ्यात रात्री पिंजऱ्याचे दिवे बंद झाल्यावर दुसरी वेळ चालते. दुपारपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. होत नसतील तर जाळीच्या बाजूला लहान यूएसबी पंखा, हवा बाहेर ओढेल असा लावा. वाटीतलं पाणी तो ओळखत नाही, म्हणून वर ठिबक ठेवा, दोन-तीन सेकंदांना एक थेंब. नोझल क्षारांनी तुंबतं, फिल्टरचं पाणी वापरा.

तळाशी माती किंवा कोकोपीट नको. एका कोपऱ्याकडे इंचभर उतार दिलेला ट्रे, त्याला नळी, खाली बादली. बादली रोज रिकामी करा. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं कुंड्या तपासायला येतात, तेव्हा घरात डासांच्या अळ्यांची बादली सापडणं शोभत नाही. पंप आणि दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, प्लग नळीपेक्षा उंच.

प्रश्न : कोणती झाडं ठेवावीत? (पाचपाखाडी)

मनी प्लांट, अंब्रेला प्लांट, जास्वंद. वेल्ड पानं खातो, त्यामुळे कणेर आणि डिफेनबाखिया कटाक्षाने टाळा. नर्सरीचं झाड पानं धुऊन महिनाभर वेगळं ठेवा, फवारलेलं असतं. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विड मशीन आणि पेस्ट कंट्रोल बंद. त्यांतलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक सरपटणाऱ्यांना बाधतं.

प्रश्न : डोंगरावर सापडलेला सरडगुहिरा असाच पाळता येईल का? (खारघर)

नाही. सरडगुहिरा म्हणजे आपला देशी कॅमेलिअन, तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वेल्ड आणि पँथर या कॅमेलिअनच्या परदेशी जाती साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, त्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. विक्रेत्याकडून कागद मिळत नसतील तर प्राणी घेऊ नका, पिंजरा कितीही तयार असला तरी.