आयएसआय छाप सॉकेटचा, आतल्या चार्जरचं काय?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिच्या टेबलासाठी चार सॉकेट आणि दोन यूएसबी पोर्ट असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्यायचा आहे. दुकानदाराने दोन दाखवले. एक ३५० रुपयांचा, त्यावर 'सीई' छापलंय. दुसरा ११०० चा, त्यावर आयएसआय. आत चार्जर असलेल्या बोर्डाला वेगळं मानक असतं का? रात्री ती फोन लावून झोपते आणि कधीकधी त्याच बोर्डावर इस्त्रीही चालते.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, ३५० चा बोर्ड घेऊच नका. 'सीई' ही युरोपच्या बाजारासाठीची खूण, आणि अशा वस्तूंवर ती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. आपल्याकडच्या तपासणीशी तिचा संबंध नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. असा बोर्ड म्हणजे एका डब्यात दोन वस्तू. प्लग आणि सॉकेटसाठी आपलं मानक आयएस १२९३. पिन घट्ट धरली जाते का, सॉकेट किती तापतं, बोट आतल्या पत्तीला लागतं का, हे त्यात तपासतात. वायरीसाठी आयएस ६९४, तो आकडा वायरीवरच छापलेला असतो. चार्जरचा विचार यात येत नाही. सुटा मोबाइल चार्जर विकायचा तर भारतीय मानक ब्यूरोकडे वेगळी नोंदणी लागते आणि त्यावर 'आर' ने सुरू होणारा क्रमांक असतो. बोर्डावरचा आयएसआय शिक्का पाहून आतला चार्जरही तपासलेला आहे, असं समजू नका.

मला काळजी या चार्जरचीच जास्त वाटते. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट, आणि मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंमध्ये पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन हवं. दोन्ही बाजू जोडणारा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग असतो, तो खास सुरक्षित प्रकारचाच लागतो. पैसे वाचवायला साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला, तर मेन लाइन सरळ फोनच्या वायरीत येते. तुमची मुलगी रात्री फोन चार्जिंगला लावून झोपते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

म्हणून माझा सल्ला असा, की यूएसबी नसलेला, शटरवाला (पिन नसताना भोकं झाकणारी झडप असलेला) साधा बोर्ड घ्या आणि चार्जर वेगळा घ्या. चार्जर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पोर्टवालाच हवा असेल, तर आतल्या चार्जरचा नोंदणी क्रमांक किंवा तपासणीचा दाखला दुकानदाराकडे मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या. आयएसआय शिक्क्याखाली 'सीएम/एल' आणि पुढे आकडे असतात. ते 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकलेत की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. 'आर' क्रमांकही तिथेच तपासता येतो. दुकानातच उभं राहून करा, दोन मिनिटांचं काम आहे.

इस्त्रीचं म्हणाल, तर ६ अँपिअरच्या बोर्डावर २३० व्होल्टला एकूण १३८० वॅटच चालतात. हजार वॅटची इस्त्री एकटीच सव्वाचार अँपिअरच्या पुढे घेते. त्यावर लॅपटॉप, पंखा, चार्जर आले की वायर तापायला लागते, आणि गुंडाळून ठेवलेली असेल तर आणखीच. इस्त्री भिंतीतल्या सॉकेटवर लावा. हीटर किंवा इंडक्शन शेगडी तर एक्स्टेंशनवर कधीच नको.

आणि हा बोर्ड ज्या भिंतीच्या सॉकेटला लागणार, त्यात अर्थिंग खरंच पोहोचलंय का, हे वायरमनकडून पाहून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच नसेल, तर त्याच फेरीत तोही बसवून घ्या.