वाड्यात चार रात्री की बागेत?

चिंचवडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न: मे महिन्यात दापोलीकडे चार रात्री जायचंय. नवरा-बायको, दोन मुलं, सासू-सासरे. एक पर्याय जुना वाडा दुरुस्त करून केलेल्या हॉटेलचा, खोलीला रात्रीचे 8,200, फक्त नाश्ता धरून, खोल्या तीन. दुसरा आंब्याच्या बागेतलं घर, माणशी 1,900, दोन्ही वेळचं जेवण धरून, मुलांना निम्मा दर. साठवलेत 70,000. ताईंच्या माहेरचा वाडा विकला गेला. मुलांना एकदा माजघर नि झोपाळा दाखवायचाय, त्यासाठी एफडी मोडू का?

ताई, आधी आकडे. वाड्याच्या तीन खोल्या, चार रात्री: 98,400. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,16,112. दोन वेळचं जेवण वेगळंच, आणि अशा महागड्या हॉटेलात जेवणावरही सहसा 18 टक्केच लागतो. बागेतल्या घराचे चार रात्रींचे सगळे मिळून 38,000.

आता खरी गंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीला जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेलं की थेट 18. तो लागतो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर. म्हणजे तुमची 8,200 ची खोली करासह 9,676 ला पडते; तीच 7,500 ला मिळाली तर 7,875 ला. मालकाने सातशे सोडले की तुमचे अठराशे वाचतात. शनिवार-रविवारी कुणी ऐकणार नाही, पण मंगळवार-बुधवारी फोन करून बघाच.

एफडी मात्र मोडू नका. बँक व्याजात थोडं कापेल, ते सोडा. ती तुमची अडीअडचणीची एकमेव रक्कम आहे आणि घरात 74 वर्षांचे सासरे आहेत.

मी असं करीन: तीन रात्री बागेत, शेवटची एक वाड्यात. बागेचे 28,500, वाड्याचे (भाव उतरला तर) 23,625. एकूण 52,125. झोपाळा बघायला मुलांना एक संध्याकाळ पुरते. दुसऱ्या दिवशी ती मोबाइलच मागतात.

बागेतल्या घराचं बुकिंग थेट मालकाकडे करा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या छोट्या मालकाला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. ॲपवरून घेतलंत तर तोच कर ॲपवाले भरतात, म्हणजे शेवटी तुमच्याकडूनच वसूल होतो. ॲडव्हान्स पाठवण्याआधी रद्द केल्यास किती परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आणि विचारा: थाळीत मासे धरलेत का? आम्ही एकदा हे न विचारता राहिलो. तीन दिवस घरच्यासारखा आग्रह झाला, आणि बिलात सुरमईच्या प्रत्येक तुकडीचा वेगळा हिशेब निघाला. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर कमोड आहे का, तो खोलीतच आहे की अंगण ओलांडून, हेही विचारा. फोटोत बंब नि तुळशीवृंदावन दिसतं, हे दिसत नाही.

हाताशी उरतात साधारण 17,800. डिझेल, वाड्यातलं जेवण त्यातच. आंब्याची पेटी मी धरलेली नाही. ती घेतल्याशिवाय तुम्ही परतणार नाही, तेव्हा तिचे पैसे निघतानाच वेगळ्या पाकिटात ठेवा.