जड आरसा भिंतीवर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (हडपसर, पुणे): गावच्या घरातला सागवानी चौकटीचा आरसा नव्या फ्लॅटमध्ये आणला आहे. माप ३ फूट बाय ४ फूट, उभा लावायचा आहे. भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या आहेत. सुतार म्हणतो, ‘दोन फास्टनर मारतो, हत्ती लटकवा.’ विश्वास ठेवावा का?

उत्तर: फास्टनरवर नको. काँक्रीटमध्ये उत्तम पकडणारा लोखंडी फास्टनर ब्लॉकमध्ये निकामी ठरतो. आवळला की तो फुगतो आणि आजूबाजूचा ब्लॉक आतल्या आत चुरतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि मग रोज थोडा थोडा सैल होत जातो.

आधी वजनाचा अंदाज घ्या. काच ५ मिमी जाडीची असेल तर दर चौरस फुटाला साधारण १.१६ किलो धरा. तुमच्या १२ चौरस फुटांची काच झाली १४ किलो. मागचं ६ मिमी प्लाय आणि तीन इंची चौकट धरून एकूण २३-२४ किलोंच्या आसपास जाईल. आकडा भीतीदायक नाही. पण तो कशावर टेकतो हे पाहायला हवं, आणि पहिली कच्ची जागा बहुधा भिंतीत नसते, चौकटीत असते. काचेचा सगळा भार खालच्या आडव्या पट्टीवर बसतो आणि टांगतो मात्र आपण वरून. जुन्या चौकटीचे कोपरे सरसाने चिकटवलेले असतात. सरस वाळून भुगा झाला असेल, तर आरसा भिंतीवर राहतो आणि खालची पट्टी काचेसकट निखळते. म्हणून चौकट उताणी ठेवून चारही कोपरे हलवून पाहा. जरा जरी खेळत असतील तर मागून लोखंडी एल-पट्ट्या मारून घ्या, खालच्या दोन कोपऱ्यांना तर नक्कीच.

टांगण्यासाठी आम्ही चिरलेल्या पट्ट्यांची जोडी सुचवू. १८ मिमी मरीन प्लायची सहा इंच रुंद, ३० इंच लांब पट्टी घ्या आणि सुताराकडून मधोमध लांबीच्या दिशेने ४५ अंशात चिरून घ्या. एक तुकडा भिंतीवर बसतो. त्याची तिरपी कड वर आणि उतार भिंतीकडे हवा, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात खाच तयार होते. दुसरा तुकडा उलटा करून चौकटीच्या वरच्या पट्टीला मागून लावायचा. तो त्या खाचेत जाऊन बसतो. चौकटीची जाडी २५ मिमी असेल तर स्क्रू ३५ मिमीचे घ्या, पाच-सहा पुरतात. काच बसवण्यासाठी आतल्या कडेला लाकूड कोरलेलं असतं. तिथे स्क्रू मारू नका, तो थेट काचेवर टेकेल.

भिंतीत ब्लॉकसाठीचेच नायलॉन प्लग वापरा. त्यांच्या अंगावर पिळाच्या रुंद कडा असतात. १० मिमीचे, ६० मिमी लांबीचे चार प्लग, आठ-नऊ इंचांवर. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. हॅमरने भोक कपासारखं पसरतं. बिट प्लगच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच. प्लास्टर भार घेत नाही, म्हणून प्लग प्लास्टर ओलांडून पूर्ण ब्लॉकमध्ये गेला पाहिजे. १२ मिमी प्लास्टर असेल तर भोक ८० मिमी खोल, आणि स्क्रूची लांबी १८ अधिक १२ अधिक ६० म्हणजे ९० मिमी. आतल्या भिंती बहुधा चार इंची असतात, त्यामुळे बिटला ८० मिमीवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर शेजारच्या खोलीत उजेड दिसेल. भोकातली धूळ फुंकून काढा. धुळीत बसलेला प्लग स्क्रूबरोबर गरागरा फिरतो.

आधी एकच भोक पाडा, पट्टी एका स्क्रूवर अडकवा, पाणसळीने सरळ करा आणि मगच उरलेल्या खुणा करा. स्विचबोर्डच्या बरोबर वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, वायरीचे पाइप बहुतेक तिथूनच जातात.

पट्टी बसली की लगेच आरसा नको. पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ दोरी टाकून २५-२५ किलोंची तांदळाची दोन पोती अलगद टांगा, खाली गादी घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टी आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड सरकलं तर प्लग सरकलेत, आरसा लावू नका.

लावताना वर किमान एक इंच मोकळी जागा हवी, कारण आरसा उचलून खाचेत उतरवायचा असतो. नेताना दोघांनी उभाच धरा. आडवा धरला की काच स्वतःच्या वजनानेच मधोमध तडकू शकते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांमागे त्याच १८ मिमी प्लायचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे आरसा ओळंब्यात राहील. आणि खालून एक छोटी एल-पट्टी भिंतीला जोडा, धक्का लागला तरी आरसा खाचेतून वर उचलला जाणार नाही.

प्रश्न (नागपूर): विटांची भिंत, १५ किलोंचा आरसा. मागे ताणून बांधलेली तार आणि एक जाड खिळा. दर आठवड्याला वाकडा होतो. तार आणखी ताणू का?

उत्तर: मुळीच नको. तार जितकी आडवी, तितका ताण जास्त. खिळ्यावरून दोन्हीकडे उतरणारी तार आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला ताण सुमारे ९ किलोंचा, ३० अंशांना पुरा १५ किलोंचा आणि १५ अंशांना जवळजवळ २९ किलोंचा. हा ताण चौकटीतल्या कड्या आतल्या बाजूला ओढतो, आणि एक दिवस स्क्रू लाकूड घेऊन बाहेर येतो. तार काढूनच टाका. दोन उभ्या पट्ट्यांना, वरून एकसारख्या अंतरावर, जाड डी-कड्या दोन-दोन स्क्रूंनी बसवा आणि प्रत्येक कडी भिंतीतल्या स्वतंत्र स्क्रूवर अडकवा. विटेत ८ मिमीचा ५० मिमी लांब प्लग आणि ५ मिमी जाडीचा ७० मिमी स्क्रू पुरेसा आहे. भोकातून लाल पूड आली पाहिजे. राखाडी वाळू येत राहिली तर तुम्ही दोन विटांच्या सांध्यात आहात, दीड-दोन इंच वर किंवा खाली सरका. दोन जागांवर टांगलेला आरसा वाकडा होत नाही.

प्रश्न (मालवण): चिऱ्याच्या भिंतीत प्लग नुसता फिरतो. शिवाय आरशाच्या कडांना काळे डाग पडू लागलेत.

उत्तर: चिऱ्याला जागोजागी पोकळ्या असतात, त्यामुळे छोटा प्लग अर्धा हवेतच असतो. फिरणाऱ्या प्लगमध्ये काडीपेटीच्या काड्या कोंबण्याचा उपाय कॅलेंडरपुरता ठीक. नवी जागा घ्या, चिऱ्याच्या मध्यावर. गिलाव्याखालचा सांधा ओळखण्यासाठी ५ मिमीचं चाचणीभोक पाडा: तांबूस तपकिरी पूड आली तर चिरा, वेगळ्या रंगाचा चुरा आला तर सांधा. हॅमर बंद, प्लग किमान ८० मिमी लांब. आरसा २० किलोंच्या वर असेल तर रासायनिक अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून त्यात रोवलेला बोल्ट) बरा, पण जाळीची नळी घालूनच. नळी नसेल तर रसायन पोकळ्यांत वाहून जातं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ साधा स्क्रू आधी गंजतो आणि गंजाचा ओघळ भिंतीवर उतरतो.

काळे डाग म्हणजे काचेमागचा चांदीचा थर ओलाव्याने खाल्ला जातो आहे. पडलेले डाग घरच्या घरी जात नाहीत, वाढ मात्र मंदावते. भिंत आणि आरसा यांच्यात अर्धा इंच फट ठेवा, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतली भिंत निवडा. पुसताना पाणी काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या. फवारलेलं पाणी खालच्या खाचेत साचतं आणि डाग तिथूनच वर चढतात.

प्रश्न (ठाणे): बाथरूमच्या टाइल्सवर चौकटीचा आरसा सिलिकॉनने चिकटवला तर ड्रिल टळेल का?

उत्तर: चौकटीचा जड आरसा नुसत्या सिलिकॉनवर नको. टाइल स्वतः भिंतीला कितपत चिकटलेली आहे, ते बाहेरून दिसत नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर त्या टाइलवर काहीच टांगू नका. ड्रिल करताना टाइलवर मास्किंग टेप लावा, टाइलचं भाल्यासारख्या टोकाचं बिट वापरा, टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. बेसिन आणि शॉवरच्या पाण्याच्या पाइपांचा मार्ग आधी प्लंबरकडून समजून घ्या. आधाराला सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाचा मागचा थर खातं.