पाझराआधी सांडवा पाहा

प्रश्न : आजोबांनी १९७४ साली आमच्या जमिनीतील ओढ्यावर मातीचा बंधारा घातला. उंची सुमारे ६ मीटर, लांबी ७० मीटर. गेल्या पावसाळ्यापासून मागच्या उताराच्या पायथ्याशी ओल आली असून बारीक धार वाहते. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून आम्ही सांडव्यावर (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर) वाळूच्या गोण्या रचून पातळी दोन फूट वाढवली आहे. भरावावर आंबा व ऐनाची झाडे आहेत. खाली अर्ध्या किलोमीटरवर वाडी आहे. ओलीच्या जागी चिकणमाती ठोकून पाझर बंद करावा काय? अशा बंधाऱ्याची सरकारी तपासणी होते काय?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : चिकणमाती मुळीच ठोकू नये. मातीच्या भरावातून थोडे पाणी झिरपतेच. त्याची वाट अडवली की दाब आत वाढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा अधिक अडचणीच्या जागी फुटते. धारेखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते हे दर आठवड्याला, तलावाच्या पातळीसह, वहीत नोंदवावे. तेच पाणी बाटलीत रात्रभर ठेवावे. तळाशी गाळ बसला, तर भरावाची माती वाहून जात आहे आणि आत पोकळी वाढत आहे असे समजून अभियंत्याला तातडीने बोलवावे व पातळी उतरवू लागावे. मात्र एकदम उपसा केल्यास पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो, हे ध्यानात असावे. पाणी नितळ असेल, तर ओलीवर जाड वाळू, त्यावर खडी व वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती जागेवर राहते.

जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्याची बरीच टिंगल झाली. टिंगल रास्तच होती. तरीही लहान बंधाऱ्यात खेकड्यांची व घुशींची बिळे पाझराला आयती वाट देतात, म्हणून ती शोधून, खणून, थराथराने माती ठोकून बुजवावीत.

आपल्या पत्रातील खरी धास्तीची गोष्ट मात्र ओल नसून त्या गोण्या आहेत, कारण त्यांनी सांडवा अडतो आणि पुराचे पाणी भरावाच्या माथ्यावरून जाऊ शकते. दगडी बांधावरून पाणी वाहिले तरी तो बहुधा टिकतो, पण मातीच्या भरावाच्या माथ्यावरून वाहू लागलेले पाणी मागचा उतार ओरबाडत नेते आणि काही तासांत सगळा बंधारा जाऊ शकतो. हवाई बेटांपैकी कावाई येथील का लोको हे ऊसमळ्यांसाठी बांधलेले खासगी मातीचे धरण १४ मार्च २००६ रोजी फुटून ७ माणसे गेली. त्याचा सांडवा बुजलेला होता. गोण्या पावसापूर्वी काढाव्यात. त्यानंतर गवंड्याच्या लेव्हल पाईपने सांडव्याच्या पातळीपासून माथ्याची उंची प्रत्येक पाच मीटरवर मोजावी. पन्नास वर्षांत भराव मधोमध बसलेला असणार, आणि हिशेबात धरायचा तो माथ्याचा सर्वांत खालचा बिंदू, सरासरी नव्हे. सांडवा किती रुंद हवा, हे ओढ्याचे पाणलोट क्षेत्र पाहून अभियंत्यानेच सांगावे. कोकणातल्या पावसात येथे अंदाज चालत नाही.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधील काही धरणांना लागू आहे. आपला बंधारा त्यात बसत नाही. त्यामुळे त्या कायद्याखालची नियमित तपासणी आपल्याकडे येणार नाही आणि पाहणीची सोय आपल्यालाच करावी लागेल.

झाडांपैकी रोपटी आताच उपटावीत. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे कुजून भरावात नळ्या पडतात, म्हणून ते तलाव आटलेला असताना, मार्च-एप्रिलमध्ये, बुंध्यामुळांसह काढून खड्डा थराथराने ठोकून भरावा. आंब्याचा मोह सुटणे कठीण, हे मान्य. वाडीतील दोन-तीन घरांचे फोन क्रमांक मात्र आजच लिहून घ्यावेत आणि गढूळ धार दिसली तर रात्रीही फोन येईल, हे त्यांना सांगून ठेवावे.