आधी ते फाडणं थांबवा

"ताई, मी ५३ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. बँकेतून व्हीआरएस घेतली. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, पण घरच्यांनी कॉमर्सला घातलं, मग नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, ब्रश हातात घेतलाच नाही. आता क्लास लावलाय, रविवारी सकाळी गोदाघाटावर बसून वॉटरकलर करते. मिस्टरांनी हौसेने ईझल आणून दिलं. पण सारखं वाटतं की ३० वर्षं वाया गेली. क्लासमधल्या विशीतल्या मुली माझ्या कितीतरी पुढे आहेत. जुलैत पूर आला तेव्हा पुलावरून नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं चित्र काढलं, मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी होतं, पण प्रपोर्शन चुकलं म्हणून बाकीच्या चित्रांसारखंच रात्री फाडून टाकलं. मला खरंच चित्रकार व्हायचं होतं की ती नुसती हौस होती? मी नक्की कोण, हे आता कसं शोधायचं?"

अहो, तुम्ही तो मारुती फाडलात?

पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दरवेळी त्याच ओळीपाशी अडकले. ३० वर्षांचं दुःख तुम्ही सविस्तर लिहिलंय, त्या मुलींबद्दल लिहिलंय, आणि हे मात्र जाताजाता, भाजीची देठं टाकून दिल्यासारखं. म्हणजे हा एकच कागद नाही, दर रविवारी सकाळी काढायचं आणि रात्री फाडायचं असं चाललंय. मला राग आला, खरंच आला. कॉमर्सला घालणारे घरचे आणि सासूबाईंचं आजारपण यांचा हिशोब आज मी करणार नाही, मिस्टरांचं ईझलही राहू दे बाजूला. ती ३० वर्षं कोणी घेतली यावर वाद घालता येईल, पण हे रविवार तुम्ही स्वतःच्या हाताने फाडताय.

आता बघा, पूर आला की नाशिकमध्ये प्रत्येक माणूस एकच विचारतो, दुतोंड्याला पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, की डोक्यावरून गेलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतंच, पण गावाला पूर कळतो तो मारुतीवरून, कारण तो वर्षानुवर्षं एका जागी उभा आहे. तुमच्या चित्रांनी तुमच्यासाठी तेच काम करायचं होतं. मागच्या पावसाळ्यात हात कुठे होता, या पावसाळ्यात कुठे आला, पाण्याचा तो गढूळ तांबडा रंग आधी कसा लावायचात आणि आता कसा लावता, हे मोजायला खूणच ठेवली नाहीत तुम्ही. आणि वर मला विचारताय की मी कोण! कशावरून सांगू? तुमच्याकडेच काही शिल्लक नाही.

त्याच रात्री निकाल लावायची ही सवय कुठून आली तेही मला दिसतंय. इंटरमिजिएटचा तो पेपर अजून संपलेला नाही तुमचा. वेळ संपली, कागद जमा केला, ग्रेड आली. तेव्हा ए आली म्हणून गोड वाटलं आणि आता दर रविवारी रात्री स्वतःच परीक्षक होऊन स्वतःला नापास करताय. पण त्या रात्री डोळ्यात अजून घाटच असतो हो! खरं पाणी, खरा मारुती, पुलावरचा वारा, सगळं ताजं असतं, त्याच्यापुढे कोणताही कागद फिकाच पडणार. त्यातून वॉटरकलर वाळला की तसाही उतरतो, ओला असताना दिसतो तेवढा गडद राहत नाही हे तुम्हाला क्लासमध्ये सांगितलंच असेल. दोन-चार महिने गेले की घाट डोळ्यातून जातो आणि समोर फक्त चित्र उरतं, तेव्हा कुठे ते दिसायला लागतं. कधी कधी जे चुकलं म्हणून फाडावंसं वाटलं होतं तेवढंच जिवंत निघतं.

तुम्ही म्हणाल मोठमोठ्या चित्रकारांनीही फाडलीच की. हो, फ्रेंच चित्रकार मोनेने १९०८ साली प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना आपल्या बागेतल्या कमळतळ्याच्या 'वॉटर लिलीज' चित्रांचे निदान १५ कॅनव्हास नष्ट केले. पण त्या तळ्यावर तो कित्येक वर्षं काम करत होता आणि पुढच्या वर्षी प्रदर्शन झालं तेव्हा भिंतीवर लावायला ४८ चित्रं होती त्याच्याकडे. तुमच्याकडे किती आहेत? डच चित्रकार रेम्ब्रांटचंही सांगते, १६३० च्या सुमाराला, ऐन चोविशीत, आरशासमोर डोळे विस्फारून, तोंड वेडंवाकडं करून त्याने स्वतःची छोटी छोटी एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं, केली, काही तर जेमतेम दोन बोटांच्या रुंदीची. चेहऱ्यावर भाव कसा उमटतो ते शिकायला केलेली ती कामं आहेत. आणि १६६९ मध्ये, गेला त्या वर्षी, तो तोच चेहरा रंगवत होता, सुटलेले गाल, थकलेले डोळे, काही लपवलेलं नाही. ती शेवटची चित्रं बघताना आपल्याला गलबलून येतं त्यात त्या चोविशीतल्या तोंडं वेंगाडणाऱ्या पोराचाही वाटा आहे. ते कागद उरले म्हणून जवळजवळ ४० वर्षं तो माणूस आपल्याला सलग दिसतो.

त्या विशीतल्या मुलींशी तुलना करायला माझी हरकत नाही, पण आधी स्वतःशी तर करा.

तेव्हा एकच सांगते आणि त्यात घासाघीस नको. आजपासून एकही कागद फाडायचा नाही. प्रपोर्शन चुकलं, रंग मळला, थेंब पडला, काहीही होवो. मागे पेन्सिलने तारीख, वेळ आणि कुठे बसला होतात ते लिहायचं, पाणी किती होतं तेही लिहा, आणि ठेवून द्यायचं. त्याच आठवड्यात काढून बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जुलै येईल, तेव्हा हॉलमधलं टीपॉय बाजूला करा, सगळी चित्रं तारखेप्रमाणे फरशीवर मांडा आणि एकट्याने बघा. हौस की आणखी काही, ते मग मला विचारावं लागणार नाही.

हो, आणि पावसाळ्यात कागदाला बुरशी लवकर धरते. पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, मध्ये बटर पेपर घाला आणि ओल येणाऱ्या भिंतीच्या कपाटात तर अजिबात नको.