जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालवला की 'नो सच टेबल' एरर येतो, हाताने चालवला की येत नाही. सेटिंग्जमध्ये पाथ कसा द्यावा?

पाथ सेटिंग्ज फाइलच्या स्वतःच्या जागेवरून काढा, चालू डिरेक्टरीवरून नको. डेटाबेस फाइलचं नुसतं नाव, म्हणजे 'डीबी डॉट एसक्यूलाइट३', लिहिलं तर ते चालू डिरेक्टरीच्या हिशेबाने शोधलं जातं. क्रॉनमध्ये ती सहसा युजरची होम डिरेक्टरी असते, सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) सर्व्हिसमध्ये मुळात रूट डिरेक्टरी ('/'). शिवाय एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) फाइल सापडली नाही की मुकाट्याने नवी रिकामी फाइल तयार करतं, म्हणून एरर फाइलचा न येता टेबलचा येतो. (होम डिरेक्टरीत बघा, ती रिकामी फाइल बहुधा पडलेली असेल.)

जँगो ३.१ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये 'बेस डिर' (प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरचा पाथ) पाथलिबने (पायथनची पाथ हाताळणारी लायब्ररी) तयारच मिळतो: अंडरस्कोअरवाल्या 'फाइल' व्हेरिएबलचा पाथ, त्यावर रिझॉल्व्ह (पूर्ण पाथ काढणं), मग दोनदा पेरेंट (दर वेळी एक फोल्डर वर). डेटाबेस, लॉग, टेम्प्लेट सगळं त्यालाच स्लॅशने जोडा. सेटिंग्जचं फोल्डर करून आत 'बेस' आणि 'प्रॉडक्शन' फाइली केल्या असतील, तर पेरेंट तीनदा लागेल. इथे हमखास चूक होते.

मात्र रिझॉल्व्ह सिमलिंक (दुसऱ्या फाइल वा फोल्डरकडे नेणारा दुवा) उलगडतं. दर रिलीजला नवं फोल्डर आणि 'करंट' सिमलिंक अशी रचना असेल, तर पाथ त्या रिलीजच्या फोल्डरचाच मिळेल. अशा वेळी डेटाबेस आणि अपलोड फाइलींचा पूर्ण पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या.